तांडेल भरती चुकायला लागला तेव्हा: मालवण किनाऱ्यावरचं एक डिमेन्शिया प्रकरण

पेशंट पुरुष, वय ७२, चौथी पास. मालवण तालुक्यात अगदी दर्याला लागून असलेल्या वाडीत घर, जन्मभर मासेमारी, त्यातली बरीच वर्षं स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. घरात बायको, धाकटा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. थोरला मुलगा विरारला असतो, चाकरमानी. नाव, वाडी आणि ओळख पटेल अशा बारीकसारीक गोष्टी मी बदलल्यात, आपण त्यांना तात्या म्हणू आणि त्यांच्या बायकोला काकी. मी मेडिकल सोशल वर्कर आहे, या केसमध्ये औषध लिहून देणारी नाही, पण फोन करणारी, कागद गोळा करणारी आणि सगळ्यांना एका खोलीत बसवणारी मी, त्यामुळे लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

तात्या आले ते विसरतात म्हणून आलेच नव्हते. खळ्यात पडून उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघाल्यावर हात आखडला म्हणून फिजिओथेरपीला आले. फिजिओ मॅडमच्या लक्षात आलं की मनगट सोडा, अख्खं अंगच ताठ आहे, दोन्ही हात, मान, चालताना पाय घासत चालतात, आणि बॉल दाबायचा व्यायाम दाखवून जरा पाठ फिरवली की तात्या बॉल हातात धरून विचारतात, "ह्या काय?" काकींना विचारलं तर म्हणाल्या वयाचं आहे हो, दोन-तीन वर्षं झाली, आणि रात्री झोपावं म्हणून एका डॉक्टरांनी गोळी दिलीय ती चालू आहे. ती गोळी निघाली हॅलोपेरिडॉल, मानसिक आजारांत भ्रम-भास आवरायला देतात त्या गटातलं औषध.

आता हे औषध वाईट नाही, जिथे लागतं तिथे लागतंच. पण डिमेन्शियाच्या, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू झडत जाण्याच्या आजाराच्या, म्हाताऱ्या माणसाला ते "झोपेची गोळी" म्हणून महिनोन्महिने देत राहणं हा वेगळाच प्रकार. अंग ताठ होतं, माणूस पडतो, आणि या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने आधी २००५ मध्ये नव्या आणि मग २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरही ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. म्हणजे मनगट मोडण्याचं मूळ त्या गोळीत असण्याची चांगलीच शक्यता होती. आणि हे पकडलं कुणी, तर फिजिओने, जिच्याकडे फक्त एक हात पाठवला होता.

आधीचा इतिहास

काकी आणि सून यांच्याकडून जे कळलं ते थोडक्यात असं. आधी तीच तीच गोष्ट परत विचारणं, मग जेटीवरून घरी येताना पाणंद चुकणं, मग लिलावाच्या पैशांचा हिशोब जमेना, धाकट्याने बोट हातात घेतली. त्यानंतर चोरीचा संशय, तोही काकींवर. "पैशे खंय ठेवलंस?" हे दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं याची मोजदाद नाही. काकी हे सांगताना रडल्या नाहीत, पण सुनेकडे बघून गप्प झाल्या. मी त्यांना तेव्हा एक गोष्ट सांगितली होती ती इथेही सांगते. १९०१ साली फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तपासली, याच बाईच्या आजारावर त्यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत माहिती दिली आणि पुढे आजाराला त्यांचं नाव पडलं, तर त्या बाईच्या घरच्यांना सगळ्यात आधी काय जाणवलं होतं? नवऱ्यावर संशय. विसरणं नंतर. काकी म्हणाल्या म्हणजे तेव्हापासून बायका-नवरे हेच भोगतायत तर. बरं वाटलं असेल की नाही माहीत नाही पण त्या दिवसानंतर "मी काय केलं म्हणून हे असं बोलतात" हा प्रश्न बंद झाला.

गावात देवाला कौल लावून झाला होता, गाऱ्हाणं घालून झालं होतं. त्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही, फक्त एवढं सांगितलं की देवाचं देवाकडे चालू दे, गोळ्या मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका आणि झाडपाल्याचं काही पोटात द्यायच्या आधी आम्हाला दाखवा.

या काळात तात्यांना तपासलेले डॉक्टर मोजले तर: गावातले फॅमिली डॉक्टर, शुगर-बीपीचे फिजिशियन, लघवीचे डॉक्टर, डोक्याचे म्हणून एक, डोळ्यांचे एक. प्रत्येकाची वेगळी फाइल, वेगळी पिशवी, आणि एकाचाही कागद दुसऱ्याने बघितलेला नाही. आपल्याकडे स्मृतीच्या आजारांसाठी सगळे तज्ज्ञ एका छपराखाली असलेलं क्लिनिक तालुक्याला नाही आणि न्यूरोलॉजिस्ट गाठायचा तर फोंडाघाट चढून कोल्हापूर नाहीतर खाली गोव्यात बांबोळी, हे खरंच. पण तात्यांच्या केसमध्ये माणसं कमी पडली नव्हती, ती एकमेकांशी बोलत नव्हती. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे, बाकी पुढचं सगळं त्याचेच तपशील.

तपासणी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या सायकॉलॉजिस्ट ठरलेल्या दिवशी आमच्याकडे येतात. चौथी पास माणसाला शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढ, असलं विचारून काय हाती लागणार, तो शाळेतच हे शिकला नाही. कमी शिकलेल्यांसाठी हिंदीत बनवलेली एक चाचणी आहे, त्यातले प्रश्न त्यांनी मालवणीत विचारले. तारीख, महिना, साल, सगळं चुकलं. पण मधेच तात्या मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आज भांग आसा, पाणी काय चढाचा नाय." आम्ही सगळे खूश, बघा, कॅलेंडर नसेल येत पण दर्या डोक्यात आहे अजून. सुनेने मोबाइलवर बघितलं आणि हळूच म्हणाली, उद्या पौर्णिमा आहे. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती, ती कसली, इथे तर ऐन उधाण होतं.

मग सायकॉलॉजिस्टनी एक डोकेबाज गोष्ट केली. किनाऱ्यावर पोराटोरांनाही माहीत असलेला ढोबळ हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. तात्यांना विचारलं अष्टमीला भरती किती वाजता. आठाची पाऊणपट सहा. ज्या माणसाने हा हिशोब हजारो वेळा केला असेल तो आधी हसला, मग बोटं मोजायला लागला, मग बायकोकडे बघायला लागला. तारीख चुकणं मी मनावर घेतलं नसतं, पाऊस सुरू झाला की मलाही वार आठवत नाही. तांडेल भरती चुकतो ही मात्र फार मोठी घसरण आहे, आणि ती छापील चाचणीत कुठेच नाही. रिपोर्टमध्ये चाचणीच्या मार्कांखाली हे मुद्दाम लिहिलं गेलं. न्यूरोलॉजिस्टनी नंतर सांगितलं की त्यांना मार्कांपेक्षा त्या दोन ओळींचा उपयोग झाला.

आणि आता पिशवी. काकींना सांगितलं घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या आणा, चालू, बंद, दुसऱ्याच्या, सर्दीच्या, सगळ्या. त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि एक प्लास्टिकची पिशवी आणली. आमचे फार्मासिस्ट दादा तसे कमी बोलणारे, ओपीडी संपल्यावर सगळं टेबलावर ओतलं आणि वेगवेगळे ढीग लावत बसले. ढीग लावून झाल्यावर तीन पट्ट्या बाजूला काढल्या. पायांची आग होते म्हणून अमिट्रिप्टिलिन. लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन. आणि सर्दीच्या गोळ्या, ज्यात क्लोरफेनिरामिन, त्या तात्या स्वतः किंवा घरचे कुणीही दुकानातून आणायचे, नाक वाहिलं की एक.

तिघांचंही काम वेगळं पण तिघंही शरीरातल्या अॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाला अडवतात, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत नेमकं तेच कमी पडत असतं. डोनेपेझिल हे जे आठवणीचं औषध म्हणून देतात ते काय करतं, तर ते रसायन लवकर तुटू देत नाही. म्हणजे एकीकडे डोनेपेझिल सुरू करायचं आणि दुसरीकडे या तीन गोळ्या चालू ठेवायच्या म्हणजे विहिरीवर पंप लावून टाकीचा नळ उघडा ठेवण्यासारखं. पुन्हा गंमत अशी की डोनेपेझिलनेच काही जणांना लघवीचा त्रास वाढतो, मग त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन लिहिलं जातं, मग गोंधळ वाढतो, मग तो गोंधळ म्हणजे आजार वाढला असं धरलं जातं आणि डोस वाढतो. हे चक्र पुस्तकातलं नाही, कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर रोज दिसेल.

ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीच्या गोळ्या सरळ बंद. अमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करत बंद. हॅलोपेरिडॉल फिजिशियननी देखरेखीखाली उतरवलं. कुणी कृपा करून हे वाचून घरी पट्ट्या फेकू नका, काही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो, ज्याने तपासलंय त्याला विचारून काय ते करा.

रक्त तपासलं तर थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम ठीक, बी१२ मात्र बरंच कमी. सून म्हणाली रोज दोन वेळ मासे खाणारा माणूस, बी१२ कमी कसं होईल? प्रश्न एकदम बरोबर. उत्तर शुगरच्या गोळीत होतं, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी१२ नीट शोषलं जात नाही, ताटात कितीही बांगडा असो. पायांची आग त्यामुळेही असू शकते, मग त्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन, मग त्या गोळीने डोकं आणखी जड, अशी ही साखळी. इंजेक्शनं सुरू केली. आग पूर्ण गेली नाही पण तेल चोळून झोपता येण्याइतकी कमी झाली. विसरणं त्याने बरं होईल अशी आशा थोरल्याला लागली होती, ती वेळीच मोडावी लागली.

कानांचं राहिलंच. एका कानात मळाचा खडा, तो काढला. दोन्ही कानांनी कमीच ऐकू येतं, जन्म डिझेल इंजिनाशेजारी गेला तर दुसरं काय होणार. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या बदलता येण्यासारख्या १४ कारणांची यादी दिलीय, सगळी आवरता आली तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे, त्यात ऐकू कमी येणं आहेच. ऑडिओलॉजिस्टने ते धाकट्याला मुद्दाम समजावून सांगितलं कारण आता त्याच इंजिनाशेजारी तो बसतो. त्याने कानात घालायचे बोळे घेतले, वापरतो का ते देव जाणे.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूचा आठवणी साठवण्याशी संबंध असलेला भाग आक्रसलेला, शिवाय बारीक रक्तवाहिन्यांचे जुने डाग. न्यूरोलॉजिस्टनी आधी व्हिडिओ कॉलवर आणि मग एकदा समोर बसवून तपासलं. हॅलोपेरिडॉल बंद झाल्यावर काही आठवड्यांत ताठरपणा बराच उतरला होता म्हणून लेवी बॉडी या दुसऱ्या प्रकारच्या डिमेन्शियाची शंका मागे पडली, नसलेली माणसं दिसणं वगैरेही नव्हतं. निदान: अल्झायमर, जोडीला रक्तवाहिन्यांचा भाग, मध्यम अवस्था. नाडी आणि ईसीजी बघून डोनेपेझिल ५ मिलीग्रॅम, सकाळी, कारण रात्री घेतलं तर काहींना भयंकर स्वप्नं पडतात. पुढे डोस वाढवून बघितला तर जुलाब सुरू झाले आणि नाडी मंदावली, म्हणून परत ५ वर आणला.

वही

आमची पहिली बैठक म्हणजे ओपीडीनंतर फिजिओच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि न्यूरोलॉजिस्ट फोनच्या स्पीकरवर. फिजिशियन, फार्मासिस्ट, सायकॉलॉजिस्ट, फिजिओ, नर्स सिस्टर, आशाताई, मी, काकी आणि धाकटा. थोरला विरारहून व्हिडिओ कॉलवर, मागे लोकलचा आवाज. ठरलं ते एवढंच की एक वही, शंभर पानी साधी, ती तात्यांच्या घरी राहील आणि तात्यांना जो कुणी बघेल तो त्यात लिहील, चालू गोळ्यांची यादी पहिल्या पानावर आणि ते पान फक्त फार्मासिस्ट बदलणार. अॅप वगैरेची चर्चा झाली पण आमच्याकडे पावसात रेंज जाते, वही जात नाही. शिवाय काकींनी कुणाला फोन करायचा तर मला, आणि मी नसेन तेव्हा आशाताईंना, बाकी कुणाचे नंबर त्यांनी शोधत बसायचं नाही.

थोरल्याने बैठकीत अमेरिकेतल्या नव्या इंजेक्शनचा विषय काढला, व्हॉट्सअॅपवर आलेला. न्यूरोलॉजिस्टनी टाळलं नाही, नीट समजावलं. लेकानेमॅब अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, ते आजाराच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहे, आधी मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलंय हे खास स्कॅननं किंवा पाठीतलं पाणी काढून सिद्ध करावं लागतं, मग दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय. एवढं करूनही आजार बरा होत नाही, घसरण थोडी मंदावते. तात्यांची ती वेळ गेलेली. थोरला गप्प झाला, मग म्हणाला मग मी काय करू. त्याला काम हवं होतं, ते पुढे दिलं.

पहाटेचे तीन

घरच्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हे. पहाटे अडीच-तीनला तात्या उठायचे, "बोटीर जावक व्हया, पोरां वाट बघतत" म्हणत मागचं दार उघडून थेट पुळणीकडे. काकी आपला पदर त्यांच्या डाव्या मनगटाला बांधून झोपायच्या, कितीतरी महिने. दाराला कुलूप लावून बघितलं होतं तर तात्यांनी दारावर धडका मारल्या, आणि आग लागली तर घरातले सगळेच आत, त्यामुळे कुलपाला आमचा कुणाचाच होकार नव्हता.

काकी बोलता बोलता म्हणाल्या उठतात तेव्हा अंग घामाने भिजलेलं असतं. फिजिशियननी लगेच मान वर केली. शुगरची दुसरी गोळी ग्लिमेपिराइड, आणि तात्या रात्री कधी जेवतात, कधी जेवलो म्हणून सांगतात. उपकेंद्रातून ग्लुकोमीटर दिला, सुनेने एका पहाटे बघितलं तर शुगर ५८. ग्लिमेपिराइड बंद, आणि शुगरचं टार्गेट सैल केलं, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८ च्या आसपास राहिली तरी चालेल, या वयात आणि या आजारात शुगर थोडी जास्त परवडते, कमी अजिबात परवडत नाही. घाम आणि आरडाओरडा थांबला. उठणं मात्र थांबलं नाही, कारण ते शुगरचं नव्हतंच, ती पन्नासेक वर्षांची पाळी होती.

मुंबईतल्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने (पेशंटला रोजचे व्यवहार जमावेत म्हणून घर आणि सवयी कशा बदलायच्या ते सांगणारे) व्हिडिओ कॉलवर सुनेला मोबाइल घेऊन घरभर फिरायला लावलं. पडवीतला आरसा झाकायला सांगितला, कारण त्यातल्या माणसाला तात्या रात्री घराबाहेर काढत होते. खळ्यापलीकडच्या संडासापर्यंत दिवा आणि धरायला दोरी. मागच्या दाराला घंटा. विहिरीला कठड्याच्या वर जाळी. शर्टाच्या आत धाकट्याचा नंबर शिवला, जेटीवर, रिक्षा स्टँडवर आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या, लोकांना आशाताईंनी सांगून ठेवलं की तात्या एकटे दिसले तर "खंय चललात" म्हणून अडवायचं नाही, सोबत चालायचं आणि फोन करायचा.

आणि तीन वाजता उठले तर उठू द्यायचं. चहा द्यायचा, पडवीत दिवा लावून जुनं जाळं मांडीवर द्यायचं, "मोटर लागली नाय अजून, तवर ह्या शिवा." हात चालतात, अजूनही चालतात, गाठ बघत राहावी अशी. पहिल्यांदा शेजाऱ्याचं चालू जाळं दिलं होतं तर त्यात फाटकं शिवलं आणि धड होतं तेही कापून ठेवलं, शेजाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेव्हापासून फक्त भंगारातली जाळी. दिवसा झोपू द्यायचं नाही, सकाळी उन्हात फिजिओने सांगितलेलं चालणं. बऱ्याच रात्री तासाभराने परत झोपतात. काही रात्री नाही झोपत. एका अशाच रात्री सुनेने टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला होता, तो चोवीस तास असतो आणि मराठीत बोलतात, तिला कुणीतरी शांतपणे ऐकून घेतलं एवढंही पुरलं.

काकी आणि कागद

काकींचं बीपी कुणी तपासलंच नव्हतं. सिस्टरनी तपासलं तर औषध लागेल एवढं. आठवड्यातून चार रात्री सून आणि धाकटा आलटून पालटून तात्यांजवळ, काकी आतल्या खोलीत दार लावून. दिवसा काही तास वाडीतलीच एक बाई मदतीला, तिचे पैसे थोरला देतो. हेच त्याचं काम. शिवाय गणपती आणि शिमग्याबरोबर मे महिन्यात पंधरवडा तो येऊन तात्यांना सांभाळणार आणि काकी माहेरी जाणार. पहिल्या वर्षी काकी गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी परत आल्या, करमेना म्हणून. ठीक आहे, गेल्या तरी.

कागदांचं लोक फार उशिरा बघतात. बोट तात्यांच्या नावावर, लायसन्स तात्यांच्या नावावर, डिझेलचा परतावा त्यांच्या खात्यात आणि बँकेतली सही जुळत नाही. कुणीतरी सल्ला दिला होता मुखत्यारपत्र करून घ्या. पण देणाऱ्याचं मन कायद्याच्या दृष्टीने ठिकाणावर राहिलं नाही की आपल्याकडे मुखत्यारपत्राची ताकद संपते, नेमकी गरज असते तेव्हाच. वकिलांना टीममध्ये घेतलं ते यासाठी. तात्यांना सकाळच्या वेळी, नीट ऐकू येईल असं समोर बसून विचारलं, बोट कुणी चालवायची? "धाकल्यान. तोच चालवता." हे त्यांना कळत होतं, बदलत नव्हतं, वेगवेगळ्या दिवशी विचारलं तरी तेच. डॉक्टरांनी तसं लिहून दिल्यावर बोट आणि खातं यांची व्यवस्था लागली. आणखी वर्षभर थांबलो असतो तर कोर्टातून पालकत्व घ्यावं लागलं असतं, आणि त्यात जाणारा वेळ-पैसा छोट्या मच्छीमाराला परवडणारा नाही.

पावसातला बिघाड

मासेमारी बंदीचे दिवस, बोटी वर ओढलेल्या, बाहेर धो धो पाऊस. दोन दिवसांत तात्या एकदम बदलले. दिवसा गुंगीत, रात्री कपडे ओढतात, सुनेला ओळखत नाहीत, जेवण नाही. वाडीत सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता रोग वाढला, थोरल्याला बोलवा. आशाताईंनी मात्र वही बघितली, तिच्यात मागच्याच आठवड्यात सिस्टरनी लिहिलेलं की एकदम फरक पडला तर तो अल्झायमर नसतो, कारण शोधा. पोटाला हात लावला तर बेंबीखाली टणक. लघवी तुंबली होती. पुढच्या चौकशीत कळलं की नाक वाहत होतं म्हणून पाहुण्याने सर्दीच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, तेच क्लोरफेनिरामिन, वर प्रोस्टेट वाढलेलं, मग लघवी अडली, मग इन्फेक्शन.

कॅथेटर, अँटिबायोटिक, काही दिवस वॉर्डात. हात बांधायचे नाहीत असं सिस्टरनी पहिल्याच पाळीला सांगून ठेवलं. नळी ओढू नये म्हणून त्यांच्या हातात जाळ्याचा तुकडा दिला, काकींना रात्री थांबायची परवानगी, चश्मा डोळ्यावर, दिवसा खिडकी उघडी. गोंधळ आठवड्याभरात बराच उतरला, पण आधी होते तिथपर्यंत तात्या परत आले नाहीत, थोडे खालीच राहिले. हे घरच्यांना आधीच सांगितलं होतं म्हणून धक्का कमी बसला. नंतर आशाताई स्वतः जवळच्या किराणा दुकानांत आणि मेडिकलमध्ये जाऊन सांगून आल्या, तात्यांच्या घरी सर्दीची गोळी द्यायची नाही.

जमलं नाही असंही आहे. कानाचं मशीन घेतलं ते तात्या काढून फेकतात, आता ते कपाटात आहे, आम्ही समोर बसून डाव्या कानाकडे सावकाश बोलतो. आणि एलएएसआय-डॅड या मोठ्या पाहणीनुसार देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. आशाताईंच्या यादीत २०० म्हातारी माणसं धरली तर त्या हिशोबाने पंधराएक निघावीत. आमच्या वह्या त्याच्या आसपासही नाहीत, आणि ज्या आहेत त्या चालवायलाच माणूसबळ पुरत नाही.

सध्या

आता बोलणं कमी झालंय, चहा पिताना ठसका लागतो. स्पीच थेरपिस्टने व्हिडिओवर जेवताना बघितलं. पाठ सरळ, लहान चमचा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, पातळ चहाऐवजी दाट पेज. मासा सोडायचा नाही कारण तोच एक पदार्थ ते हाताने मागतात, पण पेडवे, तारली बंद. मोरी चालते, तिला बारीक काटे नसतात, काकी ती शिजवून कुस्करून भातात कालवतात.

थोरल्याने विचारलं पुढे गिळता आलं नाही तर नाकातून नळी घालायची का. फिजिशियन आणि न्यूरोलॉजिस्ट दोघांचंही मत एकच होतं, पुढच्या अवस्थेतल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढत नाही, ठसका लागून होणारा न्यूमोनियाही टळत नाही, नळी ओढू नये म्हणून हात मात्र बांधावे लागतात. हाताने, जेवढं जाईल तेवढं, हा पर्याय. काकींनी लगेच हो म्हटलं, थोरल्याला पचायला दोन बैठका लागल्या. मग त्याने स्वतःच वहीत लिहिलं आणि खाली सही केली, बदलायचं झालं तर सगळ्यांनी बसून बदलायचं असं ठरलंय. वरच्या दोन दाढा हलतायत, त्यामुळेही चावत नसतील असं सिस्टरचं म्हणणं, तर थोरला गणपतीत आला की तात्यांना डेंटिस्टकडे न्यायचं काम त्याच्या नावावर लिहिलंय.